समारंभासाठी फोटो बूथ निवडताना: आधी माणसं मोजा, मग यंत्र ठरवा

‘लग्नात फोटो बूथ हवा आहे’ एवढंच सांगून तीन ठिकाणी भाव विचारला, तर तीन वेगळ्याच गोष्टींचे भाव हातात पडतात. डेकोरेटर फुलांची कमान आणि नावांची पाटी लावतो आणि त्यालाच फोटो बूथ म्हणतो. तिथे फोटो पाहुण्यांनी आपापल्या मोबाइलवर काढायचे. फोटोग्राफर एक मुलगा बॅकड्रॉपसमोर (मागच्या सजवलेल्या पडद्यासमोर) उभा करून लगेच फोटोचं फ्रिज मॅग्नेट बनवून द्यायचं कबूल करतो. तिसरा माणसांभोवती कॅमेरा गोल फिरवणाऱ्या ३६० बूथचा आकडा सांगतो. खोटं कुणीच बोलत नाही, पण हे तीन भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवण्यात काही अर्थ नाही. म्हणून आधी शब्द पक्के करू. नुसती सजावट म्हणजे सेल्फी पॉइंट. बूथ म्हणजे जिथे कॅमेरा, प्रकाश आणि फोटो पाहुण्याच्या हातात पोचवण्याची सोय, तिन्ही एकत्र आहेत.

बहुतेक घरांत निवड उलट्या टोकाने होते. इन्स्टाग्रामवर ३६०चा व्हिडिओ दिसतो, बुकिंग होतं, आणि कार्यालयात गेल्यावर कळतं की तो ठेवायला जागाच जेवणाच्या दारात आहे. क्रम असा ठेवा: किती माणसं येणार आणि किती वेळ थांबणार, जागा किती, वीज कुठली, पाहुण्यांच्या अंगावर काय असणार, आणि सगळ्यात शेवटी यंत्र.

तासाला किती गट उरकतील?

बूथचं खरं माप म्हणजे एका गटाला लागणारा वेळ. गट आत येतो, प्रॉप्स (फोटोसाठी घालायच्या-धरायच्या फेट्यांसारख्या वस्तू) निवडतो, दोन-तीन फोटो निघतात, प्रिंट येते, पुढचा गट सरकतो. मदतनीस चटपटीत असेल तर उघड्या बूथवर (स्टँडवरचा कॅमेरा, समोर बॅकड्रॉप) हे सगळं ९० ते १०० सेकंदांत होतं. म्हणजे तासाला ३५ ते ४० गट. मिरर बूथमध्ये, म्हणजे मोठ्या आरशामागे स्क्रीन आणि कॅमेरा असलेल्या बूथमध्ये, पडद्यावरच्या हालत्या चित्रांमुळे आणि सह्या-स्टिकरमुळे लोक रेंगाळतात, तिथे २० ते २५ धरा. ३६० बूथवर चढणं-उतरणं, ८ ते १० सेकंदांचं चित्रण, व्हिडिओ तयार होणं आणि मोबाइलवर घेणं मिळून ३ मिनिटं सहज जातात. तासाला २० वेळा फिरला तर ऑपरेटर चांगला समजा.

आता ५०० पाहुण्यांचं, ३ तासांचं रिसेप्शन घ्या. त्यातले निम्मे बूथकडे वळतील असं धरलं तर २५० माणसं, आणि आपल्याकडे एकटंदुकटं कुणी येत नाही, गट चारचा धरा. झाले साधारण ६३ गट. उघड्या बूथला हे काम पावणेदोन तासांत जमतं. मिरर बूथला अडीच ते तीन तास लागतील, म्हणजे जेमतेम. ३६०वर एका वेळी तिघं उभी राहिली तर ३ तासांत १८० माणसं होतात. उरलेली ७० रांगेतून नाराज होऊन जेवायला जातील. यावर उपाय म्हणजे ३६० मुख्य बूथ न ठेवता उघड्या बूथसोबत जोड म्हणून ठेवणं, नाहीतर तो संगीत किंवा हळदीसारख्या १०० माणसांच्या कार्यक्रमाला घेणं.

शिवाय हे ३ तास सलग मिळत नाहीत. सकाळच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी बूथ बंदच ठेवायला हवा, अक्षता पडल्या की निम्मा मांडव जेवणाकडे वळतो आणि उरलेला आहेर द्यायला स्टेजच्या रांगेत उभा राहतो. मुहूर्त १२ वाजून काही मिनिटांचा असेल तर बूथला खरी गर्दी दोन टप्प्यांत येते: मुहूर्ताआधीचा तास आणि पहिली पंगत उठल्यानंतरचा तास. सकाळी ९ ते दुपारी ३ असा सहा तासांचा भाव मान्य करण्यापेक्षा हे दोन टप्पे स्पष्ट सांगून मधला वेळ ‘थांबून राहण्याचा’ म्हणून कमी दराने ठरवावा.

जागा: टेप घेऊन जा

कार्यालयाचा व्यवस्थापक ‘भरपूर जागा आहे’ म्हणतो, त्यावर विसंबू नका. लागणारी जागा कॅमेऱ्याच्या भिंगावरून ठरते आणि ते गणित सोपं आहे.

बूथमध्ये साधारणपणे कॅननचा किंवा निकॉनचा सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स असते. बॅकड्रॉप ८ बाय ८ फुटांचा, माणसं त्याच्या २ फूट पुढे आणि कॅमेरा माणसांपासून ६ फुटांवर असं समजा. लेन्स २४ मिलिमीटरवर ठेवली तर माणसं उभी आहेत तिथे चौकट साडेपाच फूट रुंद मिळते आणि मागे बॅकड्रॉपवर ती साडेसात फुटांवर जाते. म्हणजे बॅकड्रॉपची कड दिसत नाही, एका ओळीत चारजण कमरेपासून वर नीट मावतात, दोन ओळींत सात-आठ. हीच लेन्स ‘जरा जास्त लोक बसू दे’ म्हणून १८वर नेली की मागची चौकट दहा फुटांपर्यंत पसरते. दोन्ही बाजूंना स्टँडचे पाय, वायरी आणि मंडपवाल्याची शिडी फोटोत येते. बूथच्या फोटोंत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. मोठा गट हवा असेल तर लेन्स रुंद करून भागत नाही, बॅकड्रॉप १० किंवा १२ फुटांचा लागतो.

दुसरी गोष्ट काठाची. नऊवारी, पैठणीचा काठ, पायातली जोडवी दिसायला हवी असतील तर कमरेपर्यंतचा फोटो काय कामाचा? त्यासाठी कॅमेरा उभा धरून माणसांपासून ७ फुटांवर, जमिनीपासून साडेतीन फूट उंचीवर लावायचा. मग साडेसहा फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद चौकट मिळते: दोघं-तिघं नखशिखांत. कमरेपर्यंतच्या फोटोला मात्र कॅमेरा साडेचार फुटांवर हवा. उभी चौकट हवी की आडवी हे बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण प्रिंटचं डिझाइन त्यावर बसवलेलं असतं आणि ऐन वेळी फिरवता येत नाही.

बॅकड्रॉपमागे हात घालण्यापुरती जागा, पुढे माणसं, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे मदतनिसाला २ फूट असं धरून उघड्या बूथला १० फूट रुंद आणि ११ ते १२ फूट खोल जागा लागते. प्रिंटरचं टेबल आणि प्रॉप्सचं टेबल बाजूला, वेगवेगळं. रांग कुठे उभी राहणार हेही आधी बघा. ती जेवणाच्या वाटेत आली की अर्ध्या तासात कुणीतरी बूथ हलवायला लावतं. सर्वांत चांगली जागा म्हणजे स्टेज आणि जेवण यांच्या मधली, पण वाटेच्या एका अंगाला. प्रवेशदाराशी ठेवलेला बूथ फुकट जातो: येताना लोक यजमानांना शोधत असतात आणि जाताना पार्किंगमधली गाडी.

प्रकार आणि त्यांचे स्वभाव

उघडा बूथ म्हणजे स्टँडवर कॅमेरा, वर टचस्क्रीन, एक मोठा मऊ प्रकाश आणि समोर बॅकड्रॉप. दिसायला साधा, पण आपल्याकडच्या दहा-दहाच्या खानदानी गटांना सोसणारा हा एकच. आजी-आजोबांसाठी दोन खुर्च्या ठेवता येतात, व्हीलचेअर आत येते. प्रकाश फ्लॅशचा आहे की सतत पेटत्या एलईडीचा, हे नक्की विचारा. फ्लॅश असेल तर कॅमेरा १/१२५ सेकंद, एफ/८ (भिंगाचं छिद्र लहान), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० ते ४०० असा बसतो. दोन ओळींतले सगळे चेहरे तीक्ष्ण येतात आणि डीजेचा जांभळा प्रकाश फोटोत उतरतच नाही. एलईडी असेल तर एफ/४ आणि आयएसओ १६००च्या आसपास जावं लागतं. मागची ओळ किंचित धूसर, आणि हॉलचा पिवळा नि डीजेचा निळा रंग गालावर. भावात फरक दिसतो तो बऱ्याचदा इथून येतो.

बंद बूथ, म्हणजे पडदा असलेली पेटी, हा मूळ प्रकार. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये ॲनातोल जोसेफोने ब्रॉडवेवर उभारलेल्या ‘फोटोमॅटन’मध्ये २५ सेंटांत ८ फोटोंची पट्टी मिळायची, आणि ती हातात यायला आठेक मिनिटं लागायची. त्या पट्टीची हौस आजही २ बाय ६ इंचांच्या स्ट्रिपमध्ये टिकून आहे. पेटीत दोघं-तिघंच मावतात, म्हणून ती कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला, प्रदर्शनाला, मॉलला शोभते. लग्नात करवल्या सोडल्या तर कुणी आत शिरत नाही.

मिरर बूथ म्हणजे पुरुषभर उंचीचा आरसा, त्यामागे स्क्रीन आणि कॅमेरा. देखणा असतो यात वाद नाही, पूर्ण उंचीचा फोटो देतो, आणि नटून आलेली माणसं आरशासमोर आपोआप थांबतात. पण त्याचे तीन हट्ट आहेत. समोर दिवा किंवा चकचकीत सजावट असेल तर तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर बसतं. दिवसाउजेडी लॉनवर स्क्रीन दिसतच नाही. आणि पेटी जड असते. पहिल्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या कार्यालयात ती नेण्याचा त्रास पुरवठादार मजुरीच्या रूपाने तुमच्याकडूनच वसूल करतो. हळदीला तर तो घेऊच नये: प्रत्येक हात पिवळा, प्रत्येक बोट काचेवर.

३६० बूथमध्ये माणसं गोल चौथऱ्यावर उभी राहतात आणि दांड्यावरचा मोबाइल किंवा ॲक्शन कॅमेरा भोवती फिरतो. चौथरे साधारण ८०, १०० आणि ११५ सेंटिमीटर व्यासाचे मिळतात. विक्रेते ११५ला पाच-सहा माणसं सांगतात. घागरा किंवा नऊवारी असेल तर त्यातून दोन वजा करा. भोवती १२ बाय १२ फूट मोकळं हवं आणि चारही बाजूंनी दोरीचे खांब हवेत, कारण फिरता दांडा पाहून लहान मुलं धावत येतातच. सर्वांत धोक्याचा असतो पदर. चौथऱ्याच्या कडेबाहेर लोंबणारा पदर, शेला किंवा नवरा-नवरीच्या उपरण्याची गाठ दांड्यात अडकू शकते. चढण्याआधी पदर खोचायला सांगणं आणि बंद करायचं रिमोट हातात ठेवणं हे ऑपरेटरचं पहिलं काम. गरोदर बाई, तोल न सावरणारी वडीलधारी मंडळी आणि उंच टाचा यांना चौथऱ्यावर चढवू नये.

या बूथला एक बॅकड्रॉप नसतो, हे लोक विसरतात. कॅमेरा पूर्ण फिरतो, म्हणजे रचलेल्या खुर्च्या, पाण्याचे जार, उष्ट्या ताटांचं टेबल, सगळं व्हिडिओत. एक तर कोपरा सोडून हॉलच्या सजवलेल्या भागाच्या मध्यावर तो ठेवा, नाहीतर गोल पडद्याचं आवरण मागवा. दुसरी भानगड लुकलुकण्याची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाला १२० फ्रेम घेणाऱ्या स्लो-मोशनमध्ये प्रकाश धडधडताना दिसतो. ऑपरेटरकडे न लुकलुकणारे स्वतःचे दिवे आहेत का हे विचारा. प्रश्न समजला नाही, तर उत्तर मिळालंच.

टॅबलेट बूथ, म्हणजे रिंग-लाइटच्या मध्ये आयपॅड, हा ५० ते ८० माणसांच्या घरगुती कार्यक्रमाला पुरेसा. सोसायटीच्या हॉलमध्ये ६ बाय ८ फुटांत मावतो आणि बूमरँग, जीआयएफ (हलत्या फोटोंच्या छोट्या क्लिप) चांगले देतो. अंधाऱ्या लॉनवर त्याचे फोटो दाणेदार येतात. यालाच हातात धरून फिरवलं की झाला फिरता बूथ: जागाच नसलेल्या कार्यालयात, किंवा माणसं टेबलावरून उठत नाहीत अशा कंपनीच्या पार्टीत, हा उभ्या बूथपेक्षा जास्त काम करतो.

ग्रीन स्क्रीनबद्दल मराठी लग्नघरांना वेगळं सांगायला हवं. हिरवा रंग पुसून तिथे दुसरं दृश्य बसवायचं, हे त्याचं तत्त्व. नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो आणि निम्म्या बायकांच्या पैठणीला हिरवा काठ. फोटोत मनगट आणि पंजा यांच्यामध्ये रायगडाचा बुरूज दिसायला लागतो. निळा पडदा मागवा किंवा हा प्रकार सोडून द्या. तीच गोष्ट ‘ग्लॅम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कृष्णधवल बूथची. पांढरी पार्श्वभूमी, मोठा मऊ प्रकाश, त्वचा नितळ. परदेशी गाऊन-सुटांना तो खुलवतो. पण पैठणीचा रंगच काढून घेतल्यावर उरतं काय? कॉकटेल पार्टीला ठीक. एआय बूथ चेहऱ्यावर पेशवाई पगडी नाहीतर अंतराळवीराचा पोशाख चढवतो. फोटो बाहेरच्या सर्व्हरवर जातो, पक्कं इंटरनेट लागतं, प्रत्येकी वेळ जास्त जातो, आणि नथीचं काय होईल याचा भरवसा नसतो. कंपनीच्या स्टॉलवर गंमत म्हणून चालतो.

हातात काय द्यायचं: प्रिंट, मॅग्नेट की फक्त मोबाइलवर

प्रिंट द्यायची असेल तर प्रिंटर डाय-सब्लिमेशन जातीचाच हवा. डीएनपी, सिटिझन, हायटी, मित्सुबिशी यांचे प्रिंटर बूथवाल्यांकडे असतात. यात पिवळा, मॅजेंटा, सायन असे तीन रंग रिबनवरून उष्णतेने कागदात उतरतात आणि वर पारदर्शक थर चढतो, म्हणून प्रिंट कोरडीच बाहेर येते. शाईचा इंकजेट वापरला की ओलसर हाताने रंग फिसकटतो. ओळखायची सोपी खूण: नमुन्याची प्रिंट मागा आणि नळाखाली धरा.

डीएनपीच्या आरएक्स१एचएसला ४ बाय ६ची एक प्रिंट काढायला साडेबारा सेकंदांच्या आसपास लागतात आणि एका रोलमध्ये ७०० प्रिंट निघतात. वरच्या उदाहरणात ६३ गट, प्रत्येकी चार प्रती, म्हणजे २५२ प्रिंट. एक रोल पुरून उरतो. पण आठजणांच्या गटाने ‘प्रत्येकाला एक’ म्हटलं की १०० सेकंद नुसती छपाई चालते आणि रांग थबकते. यावर दोन वाटा. एक, गटाला दोनच प्रती आणि बाकीच्यांना क्यूआर कोड. दुसरी, २ बाय ६ची पट्टी: ४ बाय ६चाच कागद मधून कापला जातो, तेवढ्याच वेळात दोन प्रती पडतात. जाहिरातीत ‘अनलिमिटेड प्रिंट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ फोटोमागे एक की माणशी एक, हे लेखी घ्या. एकच प्रिंटर असेल तर ‘अनलिमिटेड’ला यंत्राचीच सीमा आहे.

घरगुती बारशाला वा डोहाळजेवणाला स्वतःच सोय करायची असेल तर कॅनन सेल्फी सीपी१५०० हा छोटा प्रिंटर चालतो. पोस्टकार्ड आकाराच्या एका प्रिंटला ४० सेकंदांच्या थोडं वर लागतात आणि कागदाच्या ट्रेमध्ये १८च कागद बसतात, तेव्हा ४०-५० माणसांपलीकडे त्याला ताणू नका. इन्स्टॅक्स मिनी या जागच्या जागी फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याच्या एका पाकिटात १० फोटो असतात. तो सगळ्यांना वाटण्यासाठी नव्हे, तर आशीर्वादाच्या वहीत चिकटवून शेजारी दोन ओळी लिहून घेण्यासाठी झकास.

फ्रिज मॅग्नेट सध्या फार मागितले जातात. फोटो छापून चिकट पाठीच्या चुंबकी शीटवर लावतात, कापतात. प्रत्येकी जवळपास एक मिनिट जातं, म्हणजे त्यासाठी तिसरा माणूस लागतो. शीट अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असेल तर फोटो फ्रिजवरून घसरतो. नमुना लोखंडी कपाटावर लावून त्याखाली लग्नपत्रिका अडकवून बघा. पत्रिका धरली तर शीट चांगली. काचेच्या दाराच्या नव्या फ्रिजवर मात्र कुठलंच मॅग्नेट चिकटत नाही.

डिझाइनवर मराठी नावं असतील तर एक खास खबरदारी. बूथच्या काही सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइप केलेलं देवनागरी मोडतं: ‘प्र’चं ‘प्‌र’ होतं, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. म्हणून नावं, तारीख, गणपतीचं चिन्ह वगैरे सगळं चित्र म्हणून, पीएनजी फाइलमध्ये आधीच बसवून द्यावं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४ बाय ६साठी १२०० बाय १८०० पिक्सेल, पट्टीसाठी ६०० बाय १८००. अक्षरं कडेपासून किमान ४० पिक्सेल आत ठेवा, कागद कापताना कड खाल्ली जाते. पडद्यावर नव्हे, छापलेल्या नमुन्यावर नावं तपासा, आणि पत्रिकेशी ताडून तपासा.

फोटो मोबाइलवर द्यायचे असतील तर नंबर टाइप करून घेण्यापेक्षा क्यूआर कोड बरा. गर्दीत चुकीचे नंबर पडतात. पण क्यूआर चालतो तो फोटो इंटरनेटवर चढल्यावरच. तळघरातल्या हॉलमध्ये किंवा ८०० मोबाइल एकाच टॉवरवर आलेल्या लॉनवर १५-२० एमबीचा ३६०चा व्हिडिओ अडकून बसतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेला राउटर आणि नेट नसताना फोटो साठवून नंतर पाठवण्याची सोय, या दोन्हींची खात्री करा. गॅलरीला पासवर्ड हवा आणि फोटो किती दिवसांनी पुसले जाणार हे ठरलेलं हवं. मुलांच्या वाढदिवसाला तर हे आग्रहाने सांगा.

वीज, वारा, ऊन, दमट हवा

प्रिंटर, लॅपटॉप, दिवे मिळून भार बहुधा हजार वॉटच्या आत राहतो, म्हणजे एका ६ अँपिअरच्या सॉकेटवर भागतं. अडचण भाराची नसते, शेजाऱ्यांची असते. त्याच बोर्डवर कॉफी मशीन किंवा कूलर आला की व्होल्टेज डचमळतं; डीजेच्या लाइनवर बूथ असेल तर एमसीबी (सुरक्षेचा खटका) पडली की दोघं एकदम बसतात. वेगळी लाइन मागा. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दहा-वीस सेकंदांत अर्धी छापलेली प्रिंट वाया जाते, रिबन अडकते आणि पाच मिनिटं मोडतात. १००० व्हीएचा यूपीएस हे टाळतो. ६०० व्हीएचा प्रिंटर आणि लॅपटॉप एकदम ओढताना मान टाकतो.

उघड्यावर ८ बाय ८चा बॅकड्रॉप म्हणजे ६४ चौरस फुटांचं शीड. स्टँडच्या प्रत्येक पायावर १० ते १५ किलोची वाळूची पिशवी हवी. दगड आणि विटा लोक पायाने सरकवतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातली दुपारची लग्नं असतात, तिथे प्रिंटरचा प्रश्न वेगळा: हे प्रिंटर साधारण ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, ४२-४३ अंशांत ते स्वतःला थंड करायला मध्येच थांबतात. सावलीत आणि पंख्याच्या झोतात ठेवा, पण धुळीपासून लांब. रिबनवर बसलेला धुळीचा कण प्रत्येक प्रिंटवर पांढरी रेघ ओढतो. कोकणात, गोव्यात पावसाळ्यातली दमट हवा कागद वळवते. रोल ऐन वेळेपर्यंत पाकिटातच राहू द्या. एसी गाडीतून काढलेला कॅमेरा दमट लॉनवर अर्धा तास झाकून ठेवावा, नाहीतर भिंगावर वाफ धरते आणि पहिले वीस फोटो धुक्यातले येतात.

बॅकड्रॉपच्या कापडाबद्दल एवढंच: चकचकीत फ्लेक्स फ्लॅशचा पांढरा गोळा परत फेकतो, टिकल्यांचा पडदाही तेच करतो. मॅट कापड किंवा खरी फुलं घ्या. रंग घरच्या साड्यांशी जुळवू नका, माणसं भिंतीत विरघळतात.

कोणत्या कार्यक्रमाला काय

हळदीला उघडा बूथ, गडद बॅकड्रॉप, स्क्रीनला हात न लावता मदतनिसाने दाबायचं बटण आणि टाकाऊ कागदी प्रॉप्स. डोहाळजेवणाला झोपाळ्यासमोरच टॅबलेट बूथ आणि छोटा प्रिंटर. उत्सवमूर्तीला उठवून दुसरीकडे न्यायचं नाही. मुंजीला मुलांसाठी कॅमेरा सहज खाली येईल असा स्टँड. रिसेप्शनला उघडा किंवा, गर्दी ३००च्या आत असेल तर, मिरर. गणेशोत्सवात सोसायटीला बूथ घेऊच नये. दहा दिवस येणारी-जाणारी गर्दी, तिथे चांगल्या प्रकाशाचा सेल्फी पॉइंट पैसे वाचवतो. कंपनीच्या कार्यक्रमाला बूथपेक्षा लोगोची मंजुरी जास्त वेळ खाते, डिझाइन आठवडाभर आधी मागून घ्या.

बुकिंग करताना

पुरवठादाराचा चकचकीत व्हिडिओ बघू नका. अंधाऱ्या हॉलमध्ये काढलेल्या मोठ्या गटाची मूळ फाइल आणि छापलेली प्रिंट मागा. मग हे विचारून व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या: किती तास आणि ते कुठल्या क्षणापासून मोजायचे (मांडणीचा एक ते दीड तास त्यात धरू नये), मुहूर्त लांबला तर जादा तासाचा दर, बूथ चालवायला माणसं किती, प्रिंट असेल तर दोन हवीतच, दुसरा कॅमेरा आणि दुसरा प्रिंटर सोबत येतो का, की गोदामात असतो, प्रवास, मजुरी, जीएसटी धरून की वेगळे, बॅकड्रॉप कुणाचा, डेकोरेटरचा की बूथवाल्याचा. हा शेवटचा मुद्दा दोघंही एकमेकांवर ढकलतात आणि ऐन वेळी मागे नुसती भिंत उरते. काही कार्यालयं बाहेरच्या पुरवठादाराकडून विजेचे वेगळे पैसे घेतात, तेही आधी कळू द्या. बूथवरच्या माणसांच्या जेवणाचा आकडा केटररला सांगून ठेवा. ते पंगतीच्या गर्दीत जेवायला गेले तर बूथ नेमका भरात असताना बंद पडतो.

त्या दिवशी

पाहुण्यांच्या तासभर आधी घरातली आठ माणसं बोलावून खरी फेरी घ्या: सगळ्यांत उंच, सगळ्यांत बुटका, एक पांढऱ्या कपड्यातला, एक काळ्या कोटातला, एक चष्मेवाला. चष्म्यावर दिव्याचं प्रतिबिंब येत असेल तर दिवा एक फूट वर घेऊन खाली झुकवा. पांढरा झब्बा कागदासारखा कोरा दिसत असेल तर प्रकाश एक पायरी कमी करा. प्रिंट घ्या, नावं पुन्हा वाचा, क्यूआर आपल्या मोबाइलच्या डेटावर उघडतो का बघा, हॉलच्या वायफायवर नव्हे. प्रॉप्सच्या टेबलावर ओल्या पुसण्यांचा डबा ठेवा, जेवण सुरू झाल्यावर तेलकट हात स्क्रीनवर आणि फेट्यांवर येणारच. आणि बूथ आवरला जाण्यापूर्वी सगळ्या मूळ फाइली पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर एकदा उघडून बघा. पाठवणीच्या गडबडीत हे काम नवरा-नवरीच्या नव्हे, एखाद्या चुलत भावाच्या गळ्यात आधीच घालून ठेवा.